फुरसुंगीचा मुलगा आणि परीक्षेचे राज्य

कादंबरीमालिकेवरून केलेला, कुमारवयीनांना उद्देशून असलेला दुःस्वप्नलोकाचा चित्रपट मराठीत अद्याप झालेला नाही. इंग्रजीत सुझन कॉलिन्स यांच्या ‘द हंगर गेम्स’ या त्रयीवरचा (२००८ ते २०१०) पहिला चित्रपट २०१२ मध्ये आला, व्हेरॉनिका रॉथ यांच्या ‘डायव्हर्जंट’वरचा २०१४ मध्ये, आणि या प्रकाराचा साचा रूढ झाला. एकीकडे मुलांच्या नावांची सोडत, दुसरीकडे सोळाव्या वर्षी द्यावयाची चाचणी. उद्ध्वस्त शहरे आणि गणवेशातले सैनिक हा या साच्याचा बाह्य साज होय. मुलांची वर्गवारी करणारी आणि त्या वर्गवारीलाच न्याय म्हणणारी प्रौढांची व्यवस्था हे त्याचे आशयसूत्र आहे. हे मान्य केले, तर मराठीत त्याच्या सर्वांत जवळ जाणारी कलाकृती म्हणून आदित्य सरपोतदार दिग्दर्शित ‘फास्टर फेणे’कडे (२०१७) पाहावे लागते. वरकरणी तो रहस्यपटच आहे. पण भा. रा. भागवतांच्या मालिकेपासून या चित्रपटापर्यंतच्या माध्यमांतरात जे बदलले, त्यात आपल्या बालकुमार साहित्याच्या एका श्रद्धेचा इतिहास दडलेला आहे.

भागवत (१९१०–२००१) ‘बालमित्र’चे संपादक आणि ज्यूल व्हर्नचे मराठी अनुवादक. विज्ञान, प्रवास आणि साहस यांवर त्यांचा गाढ विश्वास होता. त्यांचा बनेश फेणे पुण्याजवळच्या फुरसुंगीचा, विद्याभवन शाळेत शिकणारा, सायकल दामटणारा, ‘ट्टॉक्’ करणारा. ‘प्रतापगडावर फास्टर फेणे’, ‘फास्टर फेणेची काश्मिरी करामत’, ‘विमानचोर विरुद्ध फास्टर फेणे’ ही नुसती शीर्षके पाहिली, तरी स्वातंत्र्योत्तर काळातील एका मुलाचा नकाशा डोळ्यांपुढे येतो. त्यात इतिहास आपला आहे, सीमा आपली आहे, आणि गुन्हेगार हा त्या सुव्यवस्थेत बाहेरून शिरलेला अपवाद आहे. बनेश प्रौढांच्या पुढे धावतो खरा, पण त्यांच्या विरुद्ध नव्हे. त्याने पकडलेला चोर स्वीकारायला शेवटी एक भला अधिकारी उभा असणार, हे वाचणाऱ्या मुलाला पहिल्या पानापासून ठाऊक असते. ऐंशीच्या दशकात सुमीत राघवनला घेऊन दूरदर्शनवर आलेल्या मालिकेनेही या विश्वासाला धक्का लावला नाही.

क्षितिज पटवर्धन यांनी लिहिलेल्या २०१७ च्या चित्रपटात हा विश्वास मोडतो. येथे शाळकरी बनेश नाही. अमेय वाघने साकारलेला तरुण वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात येतो. परीक्षेच्या निमित्ताने ओळख झालेल्या मुलाचा मृत्यू होतो, ती आत्महत्या ठरवली जाते, आणि शोध घेता घेता परीक्षेच्याच बाजारापाशी तो पोहोचतो. परीक्षा ही येथे गुन्ह्याची पार्श्वभूमी नसून गुन्ह्याचे स्थान आहे. मध्य प्रदेशातील व्यापम प्रकरण २०१३ मध्ये उघडकीस आले होते आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवला होता. हे स्मरणात असलेल्या प्रेक्षकाला कल्पिताचे अंतर फारसे जाणवण्याचे कारण नव्हते. (भागवतांचा जन्म इंदूरचा, हा निव्वळ योगायोग.) कॉलिन्स यांना भविष्यकाळ कल्पावा लागला. मराठी पटकथेला त्याची गरज भासली नाही, ही बाब मला सर्वांत अर्थपूर्ण वाटते.

ती केवळ पुण्याच्या परिघापुरती खरी नाही. भाट्ये, कसोप, फणसोप या खाडीपलीकडच्या गावांतला मुलगा भाट्याचा पूल ओलांडून रत्नागिरीला शिकायला येतो, तेव्हा त्याच्यापुढचा पुढचा पूल परीक्षेचाच असतो. फुरसुंगी ते पुणे आणि भाट्ये ते रत्नागिरी या अंतरांची सामाजिक जात एकच आहे. बनेशला ते अंतर सायकलवरून तोडता येत असे. २०१७ च्या बनेशपुढे अंतराचे रूपांतर चाळणीत झालेले आहे, आणि चाळणी विकत घेता येते असे त्याला कळते.

मात्र एवढे पाहूनही चित्रपट शेवटी मागे सरतो. गिरीश कुलकर्णी यांनी विलक्षण थंडपणे उभा केलेला आप्पा हा व्यवस्थेचा चेहरा न राहता हळूहळू तिचा एकमेव मालक होऊन बसतो. आप्पा संपला की प्रश्न संपावा, अशी कथेची सोय होते. चाळणी हवीच कशाला, हा दुःस्वप्नलोकाचा मूळ प्रश्न विचारला जात नाही. ती स्वच्छ हवी, एवढीच मागणी उरते. या माघारीची खूण म्हणजे चित्रपटातले भा. रा. भागवत. दिलीप प्रभावळकरांच्या रूपाने स्वतः लेखकच पात्र होऊन पुण्यात नायकाला आधार देतो. प्रत्यक्षात भागवतांना जाऊन तेव्हा सोळा वर्षे झाली होती. भला अधिकारी आता विश्वसनीय वाटत नाही, म्हणून त्याच्या जागी भला लेखक आणावा लागला. ही कल्पना हृद्य आहे, प्रभावळकर तर लोभसच. पण तिने जुन्या जगाची हमी नव्या कथेला उसनी मिळवून दिली आणि कथेची धार बोथट केली.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. चित्रपटाला फुरसुंगी हवी आहे ती नायकाच्या नावामागची मूळ ओळख म्हणून. पण या गावाचे दरम्यान काय झाले? पुणे शहराचा कचरा अनेक वर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या शिवेवरील डेपोत टाकला गेला. विहिरींचे पाणी नासले, दुर्गंधी आणि धूर यांविरुद्ध ग्रामस्थांनी गाड्या अडवल्या, पुन्हा पुन्हा आंदोलने केली. एका शहराने आपली घाण ज्या गावाच्या माथी मारली, त्याच गावचा मुलगा त्या शहरात न्याय शोधायला येतो! याहून समर्पक रूपक मराठी दुःस्वप्नलोकाला कोठे मिळणार होते? ते पटकथेच्या दाराशी पडून होते. चित्रपट २७ ऑक्टोबर २०१७ रोजी प्रदर्शित झाला. त्याच महिन्याच्या आरंभी फुरसुंगी पुणे महानगरपालिकेत समाविष्ट करण्यात आली, आणि २०२४ मध्ये उरुळी देवाचीसह पुन्हा बाहेर काढण्यात आली.