प्रेस्बिटेरियन मंडळी म्हणजे काय? रविवारच्या उपासनेपलीकडे तिथं वर्षभर काय चालतं?

मानखुर्द स्टेशनवरून हार्बर लाइनची एक लोकल खाडीपूल ओलांडून वाशीला जाते. वाशीत मिझोराम सरकारचं भवन आहे. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात उपचारांसाठी येणारे अनेक मिझो रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक तिथं उतरतात. मिझोराममधला सर्वांत मोठा ख्रिस्ती पंथ प्रेस्बिटेरियन आहे.

त्याच मानखुर्दवरून उलट्या दिशेची लोकल सीएसएमटीला जाते. तिथून चालत जाता येईल अशा अंतरावर, फोर्ट भागात, सेंट अँड्र्यूज चर्च आहे. स्कॉटिश प्रेस्बिटेरियनांनी १८१९ साली ते बांधलं. मुंबईकर आजही त्याला 'स्कॉच कर्क' म्हणतात.

म्हणजे मुंबईत हा पंथ दोनशेहून अधिक वर्षं आहे. तरी 'प्रेस्बिटेरियन' हा शब्द बहुतेक मराठी वाचकांना अनोळखी वाटतो. या मंडळ्या चालतात कशा, वर्षभर त्यांचे गट काय करतात आणि शहराच्या टोकाला राहणाऱ्या कुटुंबांना या सगळ्याचा नेमका काय उपयोग होतो?

'प्रेस्बिटेरियन' म्हणजे काय?

ग्रीक भाषेत 'प्रेस्बुतेरोस' म्हणजे वयाने किंवा मानाने मोठा माणूस. मराठी बायबलमध्ये त्यासाठी 'वडील' हा शब्द आहे. ज्या चर्चचा कारभार बिशपऐवजी निवडलेले वडील पाहतात, ते प्रेस्बिटेरियन चर्च.

थोडक्यात, हे नाव श्रद्धेपेक्षा कारभाराच्या पद्धतीवरून पडलं आहे. सोळाव्या शतकात जिनिव्हात जॉन कॅल्विन यांनी या पद्धतीचा पाया घातला. जॉन नॉक्स यांनी ती स्कॉटलंडमध्ये नेली आणि १५६० साली तिथल्या पार्लमेंटने पोपची सत्ता झुगारली.

रचना साधारण ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद अशी पायऱ्यापायऱ्यांची असते. एका मंडळीचे वडील आणि पाळक मिळून 'सेशन' बनतं. परिसरातल्या मंडळ्यांची मिळून 'प्रेस्बिटरी' असते, त्यावर 'सिनड' आणि सर्वांत वर 'जनरल असेंब्ली'. प्रेस्बिटरीत पाळकांच्या बरोबरीने साध्या सभासदांमधून आलेले वडीलही बसतात. दोघांच्या मताची किंमत सारखी असते.

महाराष्ट्रात ही परंपरा कशी आली?

दोन वाटांनी. पहिली वाट स्कॉटलंडची. डॉ. जॉन विल्सन १८२९ साली मुंबईत आले. १८३१ मध्ये त्यांनी प्रेस्बिटेरियन पद्धतीची एतद्देशीय मंडळी स्थापन केली. १८३२ साली त्यांनी सुरू केलेल्या शाळेतून पुढे विल्सन कॉलेज उभं राहिलं. गिरगावचं आंब्रोळी चर्च याच स्कॉटिश मिशनच्या परंपरेतलं.

या मंडळ्यांत सुरुवातीपासून भारतीय पाळकही होते. धनजीभाई नौरोजी हे पारशी तरुण १८३९ साली ख्रिस्ती झाले आणि पुढे फ्री चर्चचे पाळक बनले. नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ 'बेथेल' नावाची ख्रिस्ती वस्ती वसवली. 'यमुनापर्यटन' (१८५७) लिहिणारे बाबा पदमनजी हेही याच स्कॉटिश मिशनच्या वर्तुळातले.

दुसरी वाट अमेरिकेची. रॉयल वाइल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले. त्यांचं मिशन १८७० मध्ये अमेरिकन प्रेस्बिटेरियन बोर्डाकडे गेलं. मिरजेचं वॉनलेस रुग्णालय ही त्याच मिशनची सर्वांत ठळक खूण. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी ते १८९४ साली सुरू केलं.

मग आज पाटीवर हे नाव का दिसत नाही?

कारण बहुतेक मंडळ्या मोठ्या चर्चमध्ये विलीन झाल्या. १९२४ साली प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्यांनी एकत्र येऊन 'युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया' स्थापन केलं. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चचं मिळून 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया', म्हणजे सीएनआय, झालं. त्यात अँग्लिकनही होते. त्यामुळे बिशपशिवाय चालणाऱ्या मंडळ्यांना बिशप स्वीकारावे लागले.

वडिलांची पद्धत मात्र पुसली गेली नाही. प्रत्येक पास्टरेटला निवडून आलेली कमिटी असते, सभासदांची यादी असते आणि वार्षिक सभा भरते. जुन्या स्कॉटिश किंवा अमेरिकन मिशनच्या मंडळ्यांत आजही बिशपांच्या पत्रापेक्षा कमिटीच्या ठरावावर जास्त वाद रंगतो, त्यामागे हा इतिहास आहे.

हे एकत्रीकरण सगळीकडे सुरळीत झालं असंही नाही. गुजरातमधल्या ब्रदरन मंडळ्यांच्या विलीनीकरणाचा आणि मालमत्तेचा वाद २००५ साली सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता.

मंडळीत कोणकोणते गट असतात?

'मंडळी' हा शब्द इथं इमारतीसाठी नाही, माणसांसाठी वापरतात. मंडळीची विभागणी साधारण अशी असते:

- संडे स्कूल: लहान मुलांसाठी. पाळकांऐवजी बहुतेक वेळा कॉलेजात जाणारी मुलं-मुली किंवा गृहिणी शिकवतात.
- तरुण संघ: गायन, नाटिका, बायबल क्विझ, सहली आणि कार्यक्रमांच्या वेळी खुर्च्या उचलण्यापर्यंतची सगळी कामं.
- महिला मंडळ: आठवड्यातून एकदा प्रार्थना आणि आजाऱ्यांच्या भेटी. मंडळीत कोणाच्या घरी काय चाललं आहे, याची सर्वांत ताजी माहिती इथंच असते.
- गायनवृंद: रविवारची आणि सणांची गाणी बसवणं.
- घरगुती प्रार्थना सभा: दर आठवड्याला एका सभासदाच्या घरी. एक गीत, एक उतारा, प्रार्थना आणि चहा.

गाण्यांची गोष्ट वेगळी सांगायला हवी. स्कॉटिश प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये कित्येक पिढ्या फक्त स्तोत्रं गायली जात आणि वाद्यंही नसत. मराठी मंडळ्यांनी वेगळा रस्ता धरला. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंग, भजन आणि कीर्तन चर्चमध्ये आणलं. 'उपासना संगीत' या गीतपुस्तकात त्यांच्या रचनांचा मोठा वाटा आहे. त्यामुळे एकाच उपासनेत युरोपीय चालीचं गीत आणि पेटी-तबल्यावरचं भजन, दोन्ही ऐकू येतात.

वर्ष कसं जातं?

प्रत्येक मंडळीचं वेळापत्रक थोडं वेगळं असतं, पण साचा असा:

जानेवारी-फेब्रुवारी: नव्या वर्षाची उपासना, वर्षाचं वचन ठरवणं, गटांची नवी नेमणूक.

मार्च-एप्रिल: उपवासकाळ. घरगुती सभा वाढतात. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी जागतिक प्रार्थना दिन असतो. त्या दिवशी अनेक ठिकाणी उपासना स्त्रियाच चालवतात. दरवर्षी एका देशातल्या स्त्रिया प्रार्थना लिहितात आणि ती जगभर म्हटली जाते. या उपक्रमाचं एक मूळ प्रेस्बिटेरियन आहे. १८८७ साली अमेरिकेत मेरी एलन जेम्स या प्रेस्बिटेरियन महिलेने अशा प्रार्थना दिनाची हाक दिली होती. त्यानंतर झावळ्यांचा रविवार, उत्तम शुक्रवारी वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर लांबलचक उपासना आणि ईस्टरच्या पहाटेची सभा.

मे: शाळांना सुट्टी, म्हणून मुलांची सुट्टीतली बायबल शाळा. गाणी, हस्तकला, खाऊ आणि शेवटच्या दिवशी पालकांसमोर कार्यक्रम. शेजारच्या इतर धर्मांच्या घरांतली मुलंही बऱ्याचदा येतात.

जून ते सप्टेंबर: शाळा उघडताना गरजू मुलांना वह्या-पुस्तकं. पावसात मोठे मेळावे कमी होतात आणि गटांचा भर घरभेटींवर येतो.

ऑक्टोबर-नोव्हेंबर: हंगामाचा किंवा उपकारस्तुतीचा सण. गावाकडे शेतातलं पहिलं धान्य आणतात. शहरात शेत नाही, म्हणून लोक भाजी, नारळ, तांदूळ, घरचं लोणचं आणतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. एखादा भोपळा बाजारभावाच्या कितीतरी पट चढतो. घेणाऱ्यालाही ते ठाऊक असतं, कारण पैसे मंडळीच्या खात्यात जातात.

डिसेंबर: रात्री घरोघरी जाऊन नाताळगीतं, मुलांची नाटिका, स्नेहभोजन आणि ३१ तारखेला मध्यरात्रीची उपासना. मराठी ख्रिस्ती घरांत या दिवसांत करंज्या, चकल्या, शंकरपाळ्यांचा फराळ होतो आणि शेजारी वाटला जातो.

ज्या स्कॉटलंडहून ही परंपरा आली, तिथल्या प्रेस्बिटेरियन चर्चने शतकानुशतकं नाताळ साजरा करणं टाळलं. बायबलमध्ये त्याचा आदेश नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. स्कॉटलंडमध्ये नाताळची सार्वजनिक सुट्टी १९५८ साली आली. मुंबईतल्या मंडळीचा डिसेंबर हा पुष्कळसा इथेच घडलेला आहे.

प्रभुभोजनाला इतकं महत्त्व का?

भाकर आणि द्राक्षरस वाटून घेण्याचा हा विधी अनेक मंडळ्यांत महिन्यातून एकदा होतो. जुन्या स्कॉटिश पद्धतीत तो वर्षातून मोजक्याच वेळा होई. त्याआधी वडील आपापल्या वाट्याची घरं फिरत. कोणाचं भांडण आहे, कोण आजारी आहे, कोण दिसेनासं झालं आहे, हे पाहत आणि पात्र सभासदाला धातूचं एक टोकन देत. टोकन असेल तरच मेजावर जागा.

टोकनं गेली, घरभेट राहिली. प्रेस्बिटेरियन परंपरेत 'वडील' होणं म्हणजे पहिल्या बाकावर बसणं नव्हे, तर नेमून दिलेल्या घरांची जबाबदारी घेणं. मंडळीतले सगळे गट याच कल्पनेवर उभे आहेत.

पैसा कुठून येतो, हिशेब कोण पाहतं?

मिशनच्या काळात परदेशातून पैसा येई. आता पाळकांचा पगार, दुरुस्ती आणि मदतनिधी यांचा मोठा भार सभासदांच्या अर्पणांवर आणि वर्गणीवर असतो. लिलाव, खाद्यपदार्थांचे स्टॉल, नाताळगीतांच्या वेळी मिळणारी देणगी, यांकडे नुसती मौज म्हणून पाहता येत नाही. गटांचे उपक्रम थांबले तर मंडळीच्या ताळेबंदात खड्डा पडतो.

चर्चच्या ट्रस्टना राज्याचा १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा लागू होतो. हिशेब तपासून घ्यावे लागतात. वार्षिक सभेत ते वाचले जातात आणि कोणीही सभासद उठून प्रश्न विचारू शकतो. महिला मंडळाची खजिनदार किंवा तरुण संघाचा सचिव म्हणून काम केलेल्यांना ठराव कसा मांडायचा, पावती कशी ठेवायची, विरोधी मत कसं नोंदवायचं हे आधीच माहीत असतं. जिथं गट मरगळतात, तिथं असे प्रश्न विचारणारे लोकही तयार होत नाहीत आणि कारभार चार-पाच जणांच्या हातात जातो.

मानखुर्दसारख्या भागात अडचण कुठे येते?

जुनी चर्च दक्षिण मुंबईत आणि लोक उपनगरात, ही पहिली अडचण. घरं महाग झाली तशी गिरगाव, भायखळ्यातली अनेक कुटुंबं सरकत सरकत दूर गेली. मूळ मंडळीत नाव तसंच राहिलं. रविवारी सकाळी हार्बर लाइनवर मेगाब्लॉक असला की उपासना चुकते.

दुसरी अडचण जागेची. रेल्वे आणि रस्ते प्रकल्पांत घरं गेलेल्या हजारो कुटुंबांचं पुनर्वसन मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडसारख्या वसाहतींत झालं. तिथलं जुन्या मापाचं घर २२५ चौरस फुटांचं. अशा घरात पंधरा-वीस माणसांची प्रार्थना सभा भरली की कॉट उभी करावी लागते आणि चपला जिन्यात जातात. आवाज शेजारी जाणार, म्हणून वेळ आणि गाणी दोन्ही आटोपशीर ठेवावी लागतात. पण दूरच्या चर्चला जाता न येणाऱ्या म्हाताऱ्या माणसासाठी मंडळी म्हणजे तेवढीच एक खोली असते.

तिसरी अडचण भाषेची. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलांना 'उपासना संगीत'मधली जुनी मराठी अवघड जाते. ती इंग्रजी किंवा हिंदी उपासनेकडे वळली की मराठी तरुण संघाची संख्या घटते.

ईशान्येतून आलेल्यांचं काय?

मेघालय आणि मिझोरामचे प्रेस्बिटेरियन १९७० च्या एकत्रीकरणात आले नाहीत. थॉमस जोन्स हे वेल्श मिशनरी १८४१ साली सोहरा, म्हणजे चेरापुंजीला पोहोचले. त्यातून वाढलेलं चर्च आज 'प्रेस्बिटेरियन चर्च ऑफ इंडिया' या नावाने स्वतंत्र आहे आणि त्याचं मुख्यालय शिलाँगला आहे.

मिझो मंडळ्यांत १९१० पासून 'बुहफाइ थाम' ही पद्धत आहे. प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढायचे. महिला ते गोळा करतात आणि विकून आलेले पैसे चर्चच्या कामाला जातात. महाराष्ट्रात शाळा-वसतिगृहांसाठी चालणाऱ्या मुष्टिफंडासारखीच ही रीत.

उपचारांसाठी मुंबईत आलेल्या माणसाला या शहराची भाषा येत नाही, जेवण सवयीचं नसतं आणि मुक्काम किती लांबेल हे डॉक्टरही सांगू शकत नाहीत. अशा वेळी आपल्या भाषेत गाणारे, डबा आणणारे, रक्ताची गरज पडली तर धावणारे दहा जण भेटणं ही फार मोठी गोष्ट असते.

मग या सगळ्याचं मोल कशात मोजायचं?

रविवारी किती खुर्च्या भरल्या, यावरून मंडळीचा अंदाज बांधणं सोपं आहे. वडिलांच्या जुन्या पद्धतीत मात्र प्रश्न वेगळा होता: गेल्या महिन्यात कोण आलं नाही आणि त्याच्या घरी कोण जाऊन आलं? लिलाव, नाताळगीतं, मेमधली बायबल शाळा, चहाच्या सभा यांतून लोकांची एकमेकांशी ओळख राहते, म्हणून गैरहजर माणूस लक्षात येतो. ज्या मंडळीला ते कळत नाही, तिथं यादीत नाव असूनही माणूस एकटा पडलेला असू शकतो.