पांढऱ्या स्क्रीनचा इतिहास

पानाचा मजकूर वेगळा आणि रूप वेगळं ठेवायचं, म्हणून १९९४ मध्ये होकॉन वियुम ली यांनी सीएसएस सुचवलं. १९९६ मध्ये ते प्रमाण झालं. अडचण एकच: एका बटणासाठी लिहिलेला नियम साऱ्या साइटला लागू शकतो. त्यामुळे जुना नियम काढायला कुणी धजत नाही, त्यावर नवा थापतात. मीही थापलेत.

२०२० मध्ये फेसबुकच्या इंजिनिअरांनीच सांगितलं: जुन्या होमपेजवर कॉम्प्रेस करूनही ४०० केबीहून जास्त सीएसएस यायचं, पहिल्यांदा पान दिसायला त्यातलं फक्त १० टक्के लागायचं. नव्या बांधणीत त्यांनी ८० टक्के कमी केलं.

सीएसएस उतरेपर्यंत ब्राउझर सहसा पान दाखवतच नाही. म्हणून आमच्या यवतमाळ जिल्ह्यात, झरी जामणीकडे रेंज जेमतेम असताना स्क्रीन पांढरा राहिला, तर दोष फक्त टॉवरचा नसतो. थोडा आमचाही असतो.