वळचणीची हवा आढ्याला

आजचा भाग ऐकायच्या आधी एकदा मान वर करा आणि डोक्यावर काय आहे ते बघा. स्लॅब? कौलं? की पत्रा? पत्रा असेल तर मे महिन्यातली दुपार काय असते, हे मी तुम्हाला सांगायला नको. पंखा फुल स्पीडवर असतो आणि तरी वारा असा येतो, जणू भट्टीसमोर बसलोय.

आपल्याकडे एक म्हण आहे : वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही. वळचण म्हणजे छपराची खालची कड, आणि आढं म्हणजे छपराच्या अगदी माथ्यावरचं आडवं लाकूड. पाणी खालून वर चढत नाही, हे खरंच. पण हवा चढते! आणि तिचा हाच रस्ता आपण गेल्या शे-दीडशे वर्षांत हळूहळू बंद करत आणला. तो कसा, हीच आजची गोष्ट.

सुरुवात जुन्या कौलारू घरापासून करू. नळीची देशी कौलं एकावर एक नुसती ठेवलेली असायची, मध्ये सिमेंट नाही की काही नाही. त्यामुळे छपरात शेकडो बारीक फटी. खाली चूल पेटली की गरम हवा आणि धूर वर चढायचा, पोटमाळ्यातून फिरायचा आणि कौलांमधून बाहेर पडायचा. जेवढी हवा वरून गेली, तेवढी दारा-खिडकीतून आणि वळचणीखालून आत ओढली जायची. ना वीज, ना मशीन. गरम हवा हलकी असते, एवढ्या एकाच गोष्टीवर हे सगळं चालायचं.

पण यात रोमँटिक होण्यासारखं फार काही नाही हं. दरवर्षी पावसाआधी शाकारणी करावी लागायची. कौलं उतरवा, फुटलेली बदला, परत लावा. माकडं आली की सगळं मुसळ केरात. आणि त्या फटींमध्ये आणखी कुणीतरी राहायचं : उंदीर.

आता चला १८९६ च्या मुंबईत. सप्टेंबर महिना. मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोवेकर डॉक्टरांनी प्लेगचा रुग्ण ओळखला. मग शहरात जे घडलं, ते शाळेत आपण थोडंफार वाचलंय. तेव्हा प्लेग नेमका कसा पसरतो, हे कुणालाच नक्की माहीत नव्हतं. अनेक अधिकाऱ्यांना वाटायचं की दोष कोंदट, ओल्या, अंधाऱ्या खोल्यांचा आहे. म्हणून घरं धुतली, सामान जाळलं आणि कित्येक ठिकाणी छपरावरची कौलं काढून आत ऊन-वारा घेतला. विचार करा, घरात माणूस आजारी, आणि सरकारी माणसं येऊन डोक्यावरचं छप्परच उघडतायत!

उपाय चुकीच्या कारणासाठी होता. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी दाखवलं की प्लेग उंदरावरच्या पिसवांमार्फत पसरतो. पण बरीच वर्षं त्यांचं कुणी फारसं ऐकलं नाही. मग १९०५ मध्ये मुंबईत प्लेग संशोधन आयोगाचं काम सुरू झालं, आणि या आयोगानं एक भन्नाट प्रयोग केला. मला विचाराल तर आपल्या छपरांच्या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा प्रयोग.

त्यांनी सहा छोट्या झोपड्या बांधल्या. सगळं सारखं, फरक फक्त छपराचा. दोन झोपड्यांवर देशी कौलं, त्यात उंदीर मजेत राहतात. दोन झोपड्यांवर चपटी कौलं, त्यात उंदीर राहतात पण तितके आरामात नाही. आणि दोन झोपड्यांवर पत्रा. छपराखाली तारेची जाळी लावली. उंदीर खाली येऊ शकणार नाही, पण पिसू पडू शकेल, अशी. खाली गिनीपिग ठेवले, काही प्लेग झालेले, काही निरोगी. जिथे वरून पिसवा पडल्या, तिथे निरोगी प्राणीही प्लेगनं मेले. पत्र्याखाली पिसवा नव्हत्या. तिथे आजारी प्राण्याच्या शेजारी राहूनही निरोगी प्राणी वाचले. म्हणजे खोलीतली हवा गुन्हेगार नव्हतीच!

बघा, आरोग्याच्या परीक्षेत पत्रा पहिला आला. खरं तर त्याच्याकडे आधीपासूनच बरेच गुण होते. लोखंडी पत्र्याला नागमोडी घड्या घालायची कल्पना हेन्री पामर या इंग्रज इंजिनिअरची, १८२९ सालची. घडीमुळे पातळ पत्राही ताठ राहतो. १८३७ मध्ये फ्रान्समध्ये जस्ताचा मुलामा द्यायचं पेटंट झालं आणि गंजाचा प्रश्न बराचसा सुटला. पत्रा हलका, त्यामुळे वासे कमी लागतात. शाकारणी नाही, माकडांची भीती नाही. गरिबाला परवडणारं, पावसात टिकणारं छप्पर मिळालं. पत्र्याला नावं ठेवणारे सहसा स्लॅबखाली राहतात, हेही लक्षात ठेवा.

मध्ये एक तिसरी वाटही होती. १८६५ मध्ये बासेल मिशननं मंगळुरात कौलांचा कारखाना काढला. ही मंगळुरी कौलं एकमेकांत अडकून बसतात. ती हलत नाहीत, गळती कमी, तरी सांध्यांतून थोडी हवा जाते. कोकणात आणि गोव्यात ती घरोघरी पोचली.

पण पत्रा आला आणि फटी गेल्या. वर भिंत आणि पत्रा यांच्यामध्ये जी जागा उरते, तीही आपण बुजवतो. कधी सिमेंटनं, कधी चिंध्या आणि प्लास्टिक कोंबून. कारणं खरी आहेत : उंदीर, पाऊस, चोर. पण त्याच वेळी गरम हवेचा बाहेर जायचा रस्ताही बंद होतो. दुपारी पत्रा तापतो, त्याच्याखालची हवा तापते आणि माथ्याशी तुंबून बसते. पंखा तीच हवा खाली ढकलतो. रात्री पत्रा लवकर गार होतो, पण भिंतींत आणि सामानात साठलेली उष्णता आत कोंडलेलीच राहते. थंडीत उलटा त्रास. स्वयंपाकाची वाफ आणि आपल्या श्वासातला ओलावा गार पत्र्याला लागतो आणि पहाटे अंथरुणावर टपटप पाणी पडतं. लोक म्हणतात पत्रा गळतोय. गळत नसतो, त्याला आतून घाम फुटलेला असतो.

मग उपाय काय? तो त्या सहा झोपड्यांमध्येच होता : जाळी. हवा आत-बाहेर करेल, उंदीर करणार नाही. वळचणीखाली समोरासमोर जाळी लावलेली भोकं, आणि आढ्याजवळ पावसाची टोपी असलेला झरोका. खालून हवा आत, वरून बाहेर. दोन्ही हवीत. फक्त खाली भोकं ठेवली तर वरची गरम हवा तिथेच राहते, आणि फक्त वर ठेवलं तर आत यायला रस्ता नसतो. कारखान्यांच्या छपरावर गरगर फिरणारे ते चकचकीत गोल भोपळे पाहिलेत ना? ते हेच काम करतात.

अर्थात, नुसत्या हवेनं सगळं भागत नाही. तापलेला पत्रा खाली थेट झळ मारतो. त्यासाठी वरून पांढरा रंग, किंवा खाली छत ठोकून मध्ये हवेची पोकळी लागते. पण छत ठोकलं तर त्या पोकळीलाही दोन्हीकडून वाट ठेवा, नाहीतर वर दुसरी भट्टी तयार! आणि भिंतीला भिंत चिकटलेल्या वस्तीत वळचणीला जागाच नसते. तिथे माथ्यावरचा झरोका आणि दाराची जाळी, एवढंच हातात उरतं.

१८९६ मध्ये छप्पर उघडलं, ते हवा दोषी वाटली म्हणून. नंतर बंद केलं, कारण उंदीर दोषी निघाला. दोन्ही वेळा वर राहणाऱ्याचा विचार झाला, खाली झोपणाऱ्याचा राहून गेला. तुमच्या घरी आई दुपारभर त्या पत्र्याखाली पोळ्या लाटत असेल, तर आज स्टुलावर चढा आणि भिंतीच्या वरच्या कडेला हात लावून बघा. हवा येतेय का?

काय सापडलं ते आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!