‘पोल’ किती लागला?

टेंभुर्णीजवळचं उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं आणि माढ्याच्या रानात ऊस उभा राहिला. हंगामात कारखान्याची प्रयोगशाळा रसाचा ‘पोल’ काढते. हा शब्द पोलरायझेशनचाच तुकडा.

१८१५ मध्ये पॅरिसच्या बियोला कळलं, की एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश साखरपाण्यातून गेला की ती दिशा फिरते. साखर जास्त, तर फिरणं जास्त. पण मोजायचं कसं? पूर्ण अंधार नेमका कुठे होतो, हे ठरवताना डोळा हमखास फसतो.

१८७०च्या दशकात लॉरां या यंत्रकारानं निम्म्या दृश्यावर क्वार्ट्झची चकती बसवली, म्हणजे हाफ-वेव्ह प्लेट. अक्षाच्या एका बाजूला कललेलं कंपन ती तेवढंच दुसऱ्या बाजूला कलवते, आरशात दिसावं तसं. मग शेजारची दोन अर्धवर्तुळं सारखीच अंधूक झाली, की आकडा वाचायचा. तुलना डोळ्याला चांगली जमते! (बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला सोडियमचा पिवळा दिवा का, तर चकती त्याच रंगासाठी कापलेली असते.)

एफआरपी उताऱ्यावर ठरते. साखर रसात किती, चिपाडात किती, मळीत किती गेली, हा हिशेब मात्र पोलवरच चालतो.