मागच्या गाडीचा ब्रेक

मंडळी, परवा आमच्या पुतण्याचा अमेरिकेतून फोन आला. लॉस एंजेलिस सोडून तो बेकर्सफील्डला राहायला चालला आहे. सामान न्यायला आणि पुढे बागकामाची माती, लाकडं वगैरे आणायला त्याला गाडीमागे जोडायचा एक उघडा ट्रेलर घ्यायचा आहे. म्हणाला, "काका, दोन पाहून ठेवलेत. एक साधा, दुसऱ्याला इलेक्ट्रिक ब्रेक. ब्रेकवाला महाग आहे आणि कायद्याने साधा चालतो. काय करू?"

आता इंजिनिअर तो, आणि प्रश्न विचारतो जन्मभर मुलांना सनावळ्या पाठ करायला लावणाऱ्या मास्तरला! मी हसलो, म्हटलं दोन दिवस दे. मग लक्षात आलं की हा प्रश्न खरं तर इतिहासाचाच आहे.

त्याआधी माझा एक अनुभव. १९७८ च्या सुमारास मी एका खेडेगावात नोकरीला होतो. एस.टी. चुकली की उसाच्या ट्रॅक्टरवर बसून जायचं. एकदा असाच मडगार्डवर बसलो होतो. मागे उसाने भरलेली ट्रॉली. ओढ्याकडे जाणारा उतार आला, समोर म्हशी आडव्या आल्या, ड्रायव्हरने ब्रेक मारला. ट्रॅक्टरची चाकं थांबली, पण आम्ही थांबलो नाही! मागून ट्रॉली ढकलत होती. बघता बघता ट्रॅक्टर आडवा फिरला, मिटणाऱ्या चाकूसारखा, आणि शेजारच्या शेतात जाऊन थांबला. कुणाला लागलं नाही हे नशीब. ड्रायव्हर बिचारा एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होता, "गुरुजी, मी ब्रेक मारला होता हो!" खरंच मारला होता. ट्रॉलीला ब्रेकच नव्हता.

ओढायचं म्हटलं की आपण पुढच्याची ताकद बघतो. थांबायची वेळ येते तेव्हा मागचा किती जड आहे ते कळतं. रेल्वेवाल्यांना हे फार मोठी किंमत देऊन कळलं.

१२ जून १८८९. आयर्लंडमधलं आर्मा हे गाव. संडे स्कूलची मुलं आणि पालक, नऊशेच्या वर माणसं, गाडीने समुद्रकिनारी सहलीला निघाली होती. (शाळेची सहल म्हटलं की माझ्या पोटात अजून गोळा येतो.) ७५ ला १ असा चढ, भरलेली गाडी, माथा जवळ आला आणि इंजिनाचा दम संपला. मग असं ठरलं की पुढचे पाच डबे तोडून वर न्यायचे, मागचे दहा तिथेच ठेवायचे.

त्या गाडीला निर्वात ब्रेक होता, पण साध्या जातीचा. इंजिनाने नळीतली हवा ओढली की ब्रेक लागणार. डबे तोडले की नळी उघडी, हवा आत, आणि मागच्या डब्यांचे ब्रेक सुटले. त्यांना धरायला शेवटच्या डब्यातला एक हातब्रेक आणि चाकांखाली ठेवलेले दगड, एवढंच. पुढचा भाग हलताना किंचित मागे सरकला, धक्का बसला, दगडांचा चुरा झाला. दहा डबे उतारावर मागे धावत सुटले आणि मागून येणाऱ्या दुसऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० माणसं गेली, त्यात मुलं पुष्कळ.

याला अक्कल नव्हती म्हणून झालं असं म्हणावं, तर तसंही नाही. वेस्टिंगहाऊसने हवेच्या दाबावर चालणारा ब्रेक १८६९ मध्ये आणि त्याची स्वयंचलित सुधारणा १८७२ च्या सुमारास आणली होती. स्वयंचलित म्हणजे उलटी रीत. ब्रेक लावायला नव्हे तर ब्रेक सुटा ठेवायला दाब लागतो. नळी तुटली की ब्रेक आपोआप लागतो. सरकारी तपासनीस वर्षानुवर्षं हेच सांगत होते, पण सक्ती करायचा अधिकार नव्हता आणि कंपन्यांना खर्च दिसत होता. आर्मा झालं आणि तीन महिन्यांच्या आत, ऑगस्ट १८८९ मध्ये, ब्रिटिश पार्लमेंटने प्रवासी गाड्यांना असा ब्रेक सक्तीचा केला. अमेरिकेत असाच कायदा १८९३ साली झाला.

आता रस्त्यावरच्या ट्रेलरकडे येऊ. विस्कॉन्सिनमधल्या बेलॉईट गावी आर्थर वॉर्नर नावाचा उद्योगी माणूस होता. याने आधी मोटारींचे स्पीडोमीटर करून पैसा मिळवला, १९०९ मध्ये विमान विकत घेऊन उडवूनही पाहिलं. त्याने १९२७ मध्ये इलेक्ट्रिक ब्रेकची कंपनी काढली. रचना मोठी गमतीची आहे. चाकाच्या ड्रममध्ये एक विद्युतचुंबक असतो. चालकाने ब्रेक दाबला की गाडीतून वीज येते, चुंबक फिरत्या ड्रमला चिकटू पाहतो आणि त्याच्याबरोबर थोडा ओढला जातो. त्या ओढीने एक दांडा हलतो आणि ब्रेकचे बूट ड्रमवर दाबले जातात. म्हणजे फिरणाऱ्या चाकाचंच बळ चाक थांबवायला वापरायचं.

पण वाचकहो, इथे एक मेख आहे. वीज आली तरच हा ब्रेक लागतो. म्हणजे जात आर्माच्या ब्रेकचीच! ट्रेलर सुटला, तार तुटली, की ब्रेक गेला. म्हणून ट्रेलरवर एक छोटी बॅटरी आणि एक खटका बसवतात. खटक्याची दोरी गाडीला बांधलेली असते. ट्रेलर सुटला की दोरी खेचली जाते आणि बॅटरी ब्रेक लावते. धंद्याच्या ट्रेलरसाठी अमेरिकेच्या केंद्रीय नियमात असे ब्रेक निदान १५ मिनिटं लागलेले राहिले पाहिजेत असं लिहिलं आहे. ती १५ मिनिटं वाचताना मला ते चाकाखालचे दगड आठवले.

आता राहिला कायदा. कॅलिफोर्नियात १९४० नंतरच्या ट्रेलरना ६,००० पौंडांपासून (सुमारे २,७२० किलो) ब्रेक सक्तीचा होता. १९६६ नंतरच्या ट्रेलरना हीच मर्यादा ३,००० पौंडांवर आली. टेक्सासमध्ये ती ४,५०० पौंड आहे आणि ब्रिटनमध्ये ७५० किलो. म्हणजे तोच ट्रेलर एका ठिकाणी निर्धोक आणि दुसऱ्या ठिकाणी बेकायदा. उतार तर सगळीकडे सारखाच ओढतो! हे आकडे माणसांनी कुठेतरी रेघ मारायची म्हणून मारलेले आहेत.

मी पुतण्याला विचारलं, तुझ्या साध्या ट्रेलरच्या पाटीवर भरलेलं वजन किती लिहिलंय? म्हणाला, २,९९० पौंड. बघा, ३,००० ला १० कमी! असे ट्रेलर तिकडे मुद्दाम करतात म्हणे. आमच्या वर्गात ३५ ला पास असायचं आणि काही मुलं बरोबर ३५ चाच अभ्यास करायची, त्यांची आठवण झाली.

त्याच्या वाटेवर ग्रेपवाईन नावाचा घाट आहे. बेकर्सफील्डकडे उतरताना शंभर फुटांना सहा फूट असा सरळ लांब उतार. ब्रेक गेलेल्या ट्रकसाठी बाजूला खडीचे रस्ते काढून ठेवले आहेत. हे ऐकलं आणि मला आपला बोरघाट आठवला. १८६३ साली तिथे रेल्वे सुरू झाली, चढ ३७ ला १, आणि सुटलेली गाडी वळवून घ्यायला बाजूला चढावर नेलेले रूळ. इथे रूळ, तिथे खडी. कुणाचा तरी ब्रेक कधीतरी जाणार, हे दोन्हीकडच्यांनी धरूनच ठेवलं आहे.

मग मी त्याला एवढंच म्हटलं, "रिकामा ट्रेलर सपाटीवर न्यायचा असेल तर साधा घे. पण तू माती भरणार, घाट उतरणार आणि पुढच्या गाडीत सूनबाई आणि चिमणी बसणार. ब्रेकवाला घे. आणि ती छोटी बॅटरी दर वेळी निघताना तपास."

थोडा वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "काका, तुम्ही कधी ट्रेलर ओढलाय का?"

म्हटलं, "नाही रे. पण एकदा ट्रॉलीने मला ढकललंय."

काल निरोप आला, ब्रेकवाला घेतला. बॅटरी मात्र दुकानातच उतरलेली निघाली, बदलून घेतली.

असो. आपल्याकडे उसाचा हंगाम आला की चढावर उभ्या ट्रॉल्यांच्या चाकांखाली दगड दिसतात, आणि ट्रॉली गेल्यावरही ते रस्त्यातच पडून राहतात. दिसले तर गाडी थांबवून बाजूला करा, एवढी मास्तरची विनंती.