जुळे सोलापूर : भाड्याचे घर आणि गाडीची जागा

सोलापुरात भाड्याच्या घराचे ठिकाण दीर्घकाळ गिरणीने ठरवले. 1877 मध्ये मुरारजी गोकुळदास यांची सूतगिरणी, म्हणजे पुढे ‘जुनी मिल’ म्हणून ओळखली गेलेली गिरणी, सुरू झाली. त्यानंतर नरसिंग गिरजी, लक्ष्मी आणि विष्णू या गिरण्या आल्या. भोंगा झाला की कामगाराने वेळेत फाटकात पोचले पाहिजे, म्हणून खोली चालत जाण्याच्या अंतरावर लागे आणि चाळीही त्याच हिशेबाने बांधल्या गेल्या. पूर्व भागातल्या पद्मशाली विणकरांच्या तर घरातच माग असत. पेठांच्या बोळांत सायकल भिंतीला टेकवता आली की भागत असे. घरासोबत वाहनाची जागा मागण्याचे कारणच नव्हते.

जुन्या गावातली भाडी 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने गोठवली. प्रमाण भाडे 1 सप्टेंबर 1940 च्या दराशी बांधलेले होते. 1973 मधल्या दुरुस्तीने त्या वर्षीच्या 1 फेब्रुवारीला परवान्यावर राहत असलेल्यांनाही भाडेकरूचे संरक्षण दिले. भाडेकरूला आधार मिळाला हे खरेच. पण तुटपुंज्या भाड्यात वाड्याची डागडुजी परवडेना आणि रिकामी खोली नव्या माणसाला द्यायला मालक धजेना. नव्या बिऱ्हाडांना जागा गावाबाहेरच शोधावी लागली.

ही बाहेरची जागा म्हणजे प्रामुख्याने दक्षिणेचा माळ, विजापूर रस्ता आणि होटगी रस्ता यांमधला. सिद्धेश्वर तलाव किल्ल्याशेजारी, जुन्या गावाच्या कुशीत आहे. कंबर तलाव, म्हणजे धर्मवीर संभाजी तलाव, मात्र विजापूर रस्त्याला लागून आहे. या बाजूला प्लॉट पडत गेले, वसाहती उभ्या राहिल्या आणि त्या विस्ताराला जुळे सोलापूर हे नाव रूढ झाले. 1992 च्या हद्दवाढीने महापालिकेचे क्षेत्र सुमारे 33 चौरस किलोमीटरवरून 178 चौरस किलोमीटरच्या वर गेले. एवढ्या पसरलेल्या शहरात नोकरी, बाजार आणि शाळा पायी गाठणे शक्य राहिले नाही. नवी पेठेत दुकान आणि आसरा चौकापलीकडे घर, अशी विभागणी झाली की दुचाकी लागतेच. जुळ्या सोलापुरातल्या पार्किंगच्या प्रश्नाचे मूळ या अंतरात आहे. हौसेने घेतलेल्या मोटारी नंतर आल्या.

सुरुवातीच्या बंगल्यांना आवार होते, त्यामुळे गाडी फाटकाच्या आत राही. प्लॉटवर अपार्टमेंट आली तेव्हा तळमजला खांबांवर मोकळा सोडून तिथे पार्किंग ठेवले गेले. ही मोकळी जागा नेमकी कोणाची, यावर अनेक वर्षे वाद होत राहिले. 31 ऑगस्ट 2010 रोजी सर्वोच्च न्यायालयाने नहालचंद लालूचंद खटल्यात निकाल दिला, की 1963 च्या महाराष्ट्र सदनिका कायद्यानुसार इमारतीखालची पार्किंगची जागा स्वतंत्र सदनिका म्हणून विकता येत नाही, ती सामाईक सोयींत मोडते. 2016 च्या स्थावर संपदा कायद्याने उघडे पार्किंगही सामाईक क्षेत्रात धरले. भाडेकरूच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे: गाडीच्या जागेबद्दल घरमालकाचा तोंडी शब्द पुरेसा नाही, सोसायटीने ती जागा त्या सदनिकेला नेमून दिलेली असावी लागते. सहा सदनिका आणि चार मोटारींची जागा अशा इमारतीत हा फरक पहिल्याच आठवड्यात कळतो.

सोलापुरी बिऱ्हाडाला गाडीच्या जागेबरोबर पाण्याचाही विचार करावा लागतो. नळाला कित्येक वर्षे रोज पाणी येत नाही. ते तीन, चार, कधी पाच दिवसांआड येते. म्हणून इमारतीला जमिनीखाली हौद लागतो आणि तो बहुधा पार्किंगच्याच फरशीखाली असतो. टंचाईत टँकर आला की हौदाच्या झाकणावर उभी केलेली गाडी आधी हलवावी लागते. त्यामुळे घर पाहायला गेलेला जाणता माणूस पाणी किती दिवसांआड येते, बोअर आहे का, आणि झाकण कोणाच्या गाडीखाली येते, हे एका दमात विचारतो.

भाड्याचा व्यवहार आता मुख्यतः लीव्ह अँड लायसन्स कराराने होतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 हा 31 मार्च 2000 पासून लागू आहे. त्याच्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, मुदत अकरा महिन्यांची असली तरीही. नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी झालेली नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे मानले जाते, जोवर विरुद्ध पुरावा येत नाही. दुचाकी किती, चारचाकी किती आणि त्या कुठे उभ्या राहतील, हे याच करारात घराच्या वर्णनाबरोबर लिहून घेता येते.