शाळा बंद, शिक्षण घरी : सीमाभागातील मराठी मुलांचं काय झालं?

बेळगाव : कोरोनामुळे मार्च २०२० मध्ये कर्नाटकातील शाळा बंद झाल्या. पहिली ते पाचवीचे वर्ग पुन्हा भरले ते २५ ऑक्टोबर २०२१ ला. म्हणजे २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेलं पोर वर्गात पहिल्यांदा बसलं, तेव्हा ते दुसरीत गेलेलं होतं.

विद्यार्थी
बेळगाव, खानापूरच्या मराठी शाळांत माध्यम मराठी, पण पुस्तकं कर्नाटक सरकारची. दूरदर्शनच्या चंदना वाहिनीवर कर्नाटकाचे धडे लागायचे. ही वाहिनी कन्नड. सह्याद्रीवर जुलै २०२० पासून ‘टिलीमिली’ ही मराठी मालिका सुरू झाली, पण ती बालभारतीच्या पुस्तकांवर आधारित होती. त्यामुळे आपल्या भाषेत आपल्याच पुस्तकातला धडा टीव्हीवर मिळणं मुश्कील झालं.

पालक
‘असर’ पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात शाळकरी मुलांच्या घरी स्मार्टफोन असण्याचं प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होतं, ते सप्टेंबर २०२० मध्ये ६१.८ टक्के झालं. पण घरात फोन एकच असला की तो वडिलांबरोबर कामावर जातो. दोन भावंडं असली तर अभ्यास रात्रीच. खानापूरच्या जंगलपट्ट्यात फोन असूनही रेंज नाही. आई-वडील कमी शिकलेले असतील, तर शिकवायचं कोणी?

शिक्षक
ऑगस्ट २०२० मध्ये कर्नाटकानं ‘विद्यागम’ योजना आणली. इंटरनेट असलेली, साधा फोन असलेली आणि फोनच नसलेली, असे मुलांचे गट केले. गुरुजी-बाई वाडी-वस्तीवर जाऊन देवळाच्या आवारात, झाडाखाली शिकवू लागले. शिक्षक आणि मुलांना लागण झाल्याच्या बातम्या आल्यावर ऑक्टोबरमध्ये ती थांबवावी लागली. पुन्हा व्हॉट्सॲपवरच भिस्त आली. वहीचे अंधुक फोटो तपासून पोराला खरंच किती आलं, हे कळत नव्हतं.

परिणाम
दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीची मुलं देशाच्या ग्रामीण भागात २०१८ मध्ये २७.३ टक्के होती. २०२२ मध्ये ती २०.५ टक्के उरली. ही तूट भरण्यासाठी कर्नाटकानं २०२२-२३ मध्ये ‘कलिका चेतरिके’ उपक्रम राबवला.

२०२० ची पहिलीची तुकडी २०२९-३० मध्ये दहावीला पोचेल. वाचन कच्चं राहिलेल्या मुलांना त्याआधी हेरायला हवं. घरच्या घरी करण्यासारखी तपासणी सोपी आहे : दोन इयत्ता खालचं पुस्तक द्या आणि एक पान मोठ्यानं वाचायला सांगा. अडखळलं, तर वर्गशिक्षकांना लगेच भेटा.